पार्लरमधला ठिगळ्या

तिला 'नको' म्हणू नये, एवढं त्या इमारतीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. "ताई, हे तेवढं करू नका" असं कुणी म्हटलं की ते झालंच म्हणून समजा. लहानपणी वडिलांनी झाडावर चढू नको म्हणून बजावलं, तर ही चढली ती चढली आणि जेवायलासुद्धा खाली उतरली नाही. लग्न होऊन आली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, परक्या लोकांचे केस माझ्या घरात पडायला नकोत. वर्षाच्या आत तळमजल्यावरच्या त्यांच्या पुढच्या खोलीला रस्त्याच्या बाजूने शटर बसलं, भिंतभर आरसा आला, दोन फिरत्या खुर्च्या आल्या आणि केस धुवायचं बेसिनही आलं. तोंडावर सगळे तिला ताई म्हणत. पाठीमागे मात्र तिचं नाव होतं कात्रीबाई. हाताला आणि जिभेला सारखीच धार, म्हणून. हे नाव तिच्या कानावर आलं होतं, आणि खोटं कशाला बोला, तिला ते आवडायचंही.

तर या कात्रीबाईने साथीच्या दिवसांत एक कुत्रा सांभाळला. आता तुम्ही म्हणाल, मुक्या जनावराची दया आली असेल. तसलं काही नव्हतं. शाळेत असताना एका कुत्र्याने तिच्या पोटरीचा लचका काढला होता. तेव्हापासून समोरून कुत्रा आला की ती रस्ता ओलांडून पलीकडे जायची. इतरांना जीभ दाखवणारी ही बाई पिल्लालाही घाबरायची, आणि ते कुणाला कळू नये म्हणून 'मला त्यांचा वास सहन होत नाही' असं सांगायची.

साथ छातीची होती. आधी खोकला, मग ताप, मग श्वास पुरेनासा व्हायचा. पार्लर बंद झालं होतं. नवरा ट्रक घेऊन गेला तो लांबच्या शहरात अडकून पडला होता, आणि रस्ते उघडले की निघतोच, असं रोज फोनवर सांगत होता. घरात राहिल्या सासू-सुना. सासूबाईंना जुना दमा, श्वासाचा पंप कायम उशाशी. त्यामुळे कात्रीबाईने घरात असा कायदा लावला की दुधाची पिशवीसुद्धा साबणाने आंघोळ केल्याशिवाय आत येत नसे. सासूबाई वैतागून म्हणायच्या, मला एकदाची कपाटात घालून कुलूप लाव.

इमारत जुनी, चार मजल्यांची, लिफ्ट नसलेली. सगळ्यात वर एका खोलीत मास्तर राहायचे. मास्तर म्हणजे शिंपी. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. खोलीत पायाने चालवायचं शिलाई मशीन, कपड्यांचे गठ्ठे, आणि मशीनखाली त्यांचा कुत्रा. अंगाने पांढरा आणि पाठीवर चौकोनी तपकिरी डाग, जणू फाटलं तिथे मास्तरांनीच दुसरं कापड लावलंय. म्हणून त्याचं नाव ठिगळ्या. दिवसभर मास्तर शिवायचे आणि ठिगळ्या त्यांच्या पायांशी पडून असायचा. दोघंही फारसं कुणाच्या अध्यातमध्यात नसत.

एका सकाळी मास्तरांना न्यायला आरोग्य खात्याची गाडी आली. पांढऱ्या पोशाखातली दोन माणसं चार मजले चढून गेली आणि रिकाम्या हातांनी खाली आली. मास्तर उंबऱ्यात बसून होते. श्वास भात्यासारखा चालला होता, पण कुत्र्याची सोय लागल्याशिवाय जागचा हलणार नाही, हे एकच वाक्य ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. गाडीवाल्यांनी सांगितलं, आम्ही माणसं नेतो, जनावरं नाही. मग सोसायटीचे सेक्रेटरी तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या दारात नाकाला रुमाल लावून उभे राहिले आणि त्यांनी निकाल दिला. आजारी घरातलं जनावर दुसऱ्या कुठल्याही घरात जाणार नाही. त्याला थेट रस्त्यावर सोडायचं, नंतर पालिकेची गाडी येऊन घेऊन जाईल. रस्त्यावरची कुत्री जगतातच की, हाही जगेल.

आरडाओरडा कसला म्हणून कात्रीबाई जिन्याच्या तळाशी येऊन उभी राहिली होती. तिने खालूनच विचारलं की घरात नेलं तर रोग पसरतो आणि रस्त्यावर सोडलं तर पसरत नाही, तर रस्ता काय चंद्रावर आहे का? सेक्रेटरींनी कठड्यावरून वाकून पाहिलं. एवढ्यावर ते गप्प बसले असते तर पुढचं काही घडलंच नसतं. पण ते म्हणाले, "ताई, तुम्ही तर यात अजिबात पडू नका."

झालं. कात्रीबाईने खिशातून फोन काढला.

पार्लरला नेमाने येणाऱ्या एक बाई जनावरांच्या डॉक्टर होत्या. त्यांना तिने तिथेच उभं राहून विचारलं. त्या म्हणाल्या, कुत्र्याची भीती कमी, माणसांची जास्त; कुत्रा देणारा आणि घेणारा समोरासमोर उभे राहून चार शब्द बोलले की खरा घोळ तिथे होतो. म्हणून मास्तरांनी दाराआड राहायचं आणि कुत्र्याने एकट्याने बाहेर यायचं. त्याच्याबरोबर त्या घरातलं काहीही यायचं नाही, पट्टा नाही, ताटली नाही, झोपायची चिंधीसुद्धा नाही. हात लावणारं माणूस एकच, तोंडाला मास्क, हातात मोजे. मग साध्या साबणाने आंघोळ. फिनेल, स्पिरिट असलं काही अंगाला लावायचं नाही, कुत्रा ते चाटून मरायचा. आणि निदान पंधरा दिवस त्याला घरातल्या आजारी, अशक्त माणसापासून लांब ठेवायचं. एवढं सांगून डॉक्टरीणबाई थांबल्या आणि म्हणाल्या, तुमच्या घरात दमेकरी आहे, नीट विचार करा.

कात्रीबाईने खरंच विचार केला. पार्लरला रस्त्याकडून वेगळं शटर होतं, वेगळा नळ होता, संडास होता. घरात उघडणारं आतलं दार बंद केलं तर पार्लर म्हणजे वेगळं बिऱ्हाडच. पण कुत्र्याला हात लावणारीने सासूजवळ जायचं नाही, म्हणजे तिलाही पार्लरमध्येच राहावं लागणार होतं, त्या कुत्र्याबरोबर, एका खोलीत. तिचा हात आपसूक पोटरीवरच्या जुन्या खुणेकडे गेला. आणि वर सेक्रेटरी अजून वाकून बघत होते.

ती मास्क आणि मोजे चढवून वर गेली आणि मास्तरांच्या दारापासून अर्धा जिना खाली थांबली.

"मास्तर, मी नेते त्याला."

मास्तरांनी मान वर केली. "तुम्ही? तुम्हाला तर कुत्रं चालत नाही."

"नाहीच चालत. पण सेक्रेटरी त्याहून चालत नाहीत."

मास्तर हसायला गेले आणि खोकत सुटले. खोकला थांबल्यावर त्यांनी ठिगळ्याच्या डोक्यावर हात ठेवला. "ऐका ताई. हा आहे म्हणून मी आहे. याला रस्त्यावर काढलंय असं मला तिथे कळलं, तर मी त्या खाटेवर राहणार नाही. नळ्या काढेन आणि चालत घरी येईन. धमकी नाही देत, खरं तेच सांगतो."

"माझ्याकडे असेपर्यंत त्याला कुणी काढणार नाही. शब्द देते."

मास्तरांनी पट्टा सोडला, कुत्र्याला बाहेर ढकललं आणि दार लावून घेतलं. ठिगळ्याला काही समजेना. तो दाराला नाक लावून उभा राहिला आणि दार खरवडू लागला. कात्रीबाईने आंघोळीच्या गाउनचा कापडी बंद आणला होता, पण तो गळ्यात घालायला वाकायची तिची हिंमत होईना. आतून मास्तर "जा रे राजा, जा" म्हणत होते आणि आतून आवाज येतोय म्हटल्यावर ठिगळ्या आणखीच दाराला चिकटत होता. शेवटी तिने केस कापताना गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती बांधतात तो मोठा प्लॅस्टिकचा कपडा, बंदाबरोबरच आणलेला, डोळे मिटून त्याच्यावर टाकला, त्याला गुंडाळला आणि उचलला. तो गुरगुरत होता, ती थरथरत होती. दोघांनाही वाटत होतं की दुसरा आता चावणार. मजल्यामजल्यावर दारं बोटभर उघडत आणि लागत होती. आतल्यांना दिसलं ते एवढंच, की कात्रीबाई एका कुत्र्याला केस कापायला नेतेय.

तिच्यामागून थोड्या वेळाने मास्तर उतरले, पांढऱ्या पोशाखातल्या माणसांच्या मधोमध. शटरसमोर ते थांबले. आतून ठिगळ्याचं रडणं ऐकू येत होतं. हाक मारली असती तर त्याने शटर डोक्यावर घेतलं असतं. मास्तरांनी हाक मारली नाही. ते गाडीत जाऊन बसले.

बेसिनमध्ये बसवून तिने त्याला धुतला. तो दोनदा उडी मारून पळाला आणि त्याने तिला नखशिखांत भिजवली. मग आरशात त्याला आणखी एक कुत्रा दिसला आणि त्या कुत्र्यावर तो असा काही तुटून पडला की तिला भिंतभर चादरी लावून आरसा झाकावा लागला. स्वतः ती फेशियलच्या अरुंद पलंगावर झोपू लागली. पाय खाली लोंबू नयेत म्हणून गुडघे पोटाशी घेऊन झोपायची. जेवण सासूबाई करायच्या, ताट मागच्या बोळात स्टुलावर ठेवायच्या आणि आत जाऊन दार लावलं की ही उचलायची.

सासूबाई भयंकर चिडल्या होत्या. त्यांच्या दृष्टीने सून एका कुत्र्यासाठी घर सोडून गेली होती. हे सगळं तुमच्याच छातीसाठी चाललंय, असं कात्रीबाईने दाराआडून सांगितलं, तर त्या म्हणाल्या, माझ्या छातीला आजवर तुझ्याइतकं कुणी छळलेलं नाही. आतलं दार कुलूप लावून बंद होतंच. पण कुलपावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी आपलं तरुणपणीचं शिलाई मशीन, खाली चाकं होती म्हणून, ढकलत ढकलत आणलं आणि त्या दाराला अगदी टेकवून उभं केलं. आता बघते कसा येतोय तो आत, म्हणाल्या.

पण आत यायची ठिगळ्याला कुठली हौस. तो खुर्चीखाली तोंड घालून पडून राहिला आणि जेवेना.

भात ठेवला, अंडं ठेवलं, दूध ठेवलं, बिस्किटं ठेवली. मास्तरांनी पहिल्याच दिवशी फोनवर सांगितलं होतं की तो सगळं खातो, त्याचे काही नखरे नाहीत. कात्रीबाई वाटी त्याच्या पुढ्यात सरकवायची, समोर बसायची, बाबापुता करायची, मग रागवायची, मग पुन्हा बाबापुता करायची. तो डोळे मिटून घ्यायचा. पाणी तेवढं कधीतरी चाटायचा. त्याच्या बरगड्या वर येऊ लागल्या, पाठीवरचा तो डाग सैल झाल्यासारखा दिसायला लागला. डॉक्टरीणबाईंच्या भागात रस्ते बंद होते, त्यांना येता येत नव्हतं. असाच राहिला तर सलाईन लावावं लागेल आणि ते इतक्यात जमणार नाही, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

संध्याकाळी इस्पितळातून फोन यायचा. नर्स फोन धरायची. मास्तरांना आता एका दमात एकच शब्द निघायचा, आणि तो शब्द ठरलेला. "जेवला?"

"जेवला," कात्रीबाई सांगायची. "वाटी चाटून पुसून."

तोंडावर फटकन खरं बोलणारी म्हणून जिची ख्याती, तिला रोज हे एक खोटं बोलायला लागायचं. एकदा फोन मास्तरांपासून लांब नेऊन नर्स हळूच म्हणाली की ते सारखे चपला मागतात, कुत्रा बरा आहे ना, हे विचारून पुन्हा झोपतात. तो बरा आहे तोवर आमचं इथे निभतंय. त्या दिवशी कात्रीबाई खुर्चीत बसून रडली. ठिगळ्यावर ओरडली सुद्धा. "अरे, तू मेलास तर ते मरतील, कळतंय का तुला?" त्याने कान हलवला आणि पुन्हा डोळे मिटले.

मग तो कण्हू लागला. बारीक, न थांबणारा आवाज. पलीकडे सासूबाईंच्या डोक्यात तो आवाज शिरायचा. एका दुपारी त्यांचा डोळा लागत होता आणि हा सुरू झाला. त्यांनी दारावर चापट्या मारल्या, त्याला गप्प करायला सांगितलं. तो काय माझं ऐकतो होय, असं इकडून उत्तर गेलं. सासूबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. तुम्ही आवाज करताय ना, मग मलाही आवाज करता येतो, असं म्हणत त्या मशीनवर बसल्या आणि त्यांनी पायाने पायडल हाणायला सुरुवात केली. सुईत दोरा नाही, सुईखाली कापड नाही, नुसतं मशीन. खडखडखडखड. दाराला टेकलेलं असल्याने ते दारही बरोबर खडखडायला लागलं.

कात्रीबाई चिडून उठणार, तेवढ्यात ठिगळ्याचं कण्हणं थांबलं. त्याचे कान उभे राहिले. तो खुर्चीखालून बाहेर आला, लटपटत दारापाशी गेला, थोडा वेळ ऐकत उभा राहिला. मग परत फिरला, वाटीशी आला आणि तिच्याकडे पाठ करून खाऊ लागला.

ती जागच्या जागी थिजली. श्वाससुद्धा जपून घेत होती. तिच्या आत्ता कुठे लक्षात आलं. मास्तर वाटी ठेवायचे आणि कामाला बसायचे. त्याच्याकडे बघत कुणी बसलेलं त्याने कधी पाहिलंच नव्हतं. मशीन चालू झालं की मास्तर जागेवर आहेत, सगळं ठीक आहे, आता जेवायला हरकत नाही, असा त्याचा आयुष्यभराचा हिशोब. मास्तरांना तरी हे कुठून माहीत असणार? ते तेव्हा खाली मान घालून शिवत असायचे. त्या घरातून सोबत काही आणायचं नाही म्हणून तिने पट्ट्यापासून चिंधीपर्यंत सगळं मागे ठेवलं होतं, आणि त्यात हा आवाजही मागे राहिला होता.

पलीकडे सासूबाई दमल्या. मशीन थांबलं. ठिगळ्याने तोंडातला घास तसाच ठेवून डोकं वर केलं.

"आई, थांबू नका," कात्रीबाई दाराशी येऊन हळूच म्हणाली.

"टोमणे मारतेस?"

"नाही हो. तो जेवतोय. तुमचं मशीन ऐकून जेवतोय."

 पलीकडून पंप ओढल्याचा फुस्स तेवढा ऐकू आला. मग मशीन पुन्हा चालू झालं, या वेळी सावकाश, शिवताना चालतं तसं.

त्यानंतर सासूबाईंचा तो नेमच झाला. सकाळी आणि संध्याकाळी वाटी ठेवली की इकडून दारावर टिचकी, तिकडून मशीन. गुडघे दुखतात म्हणून कुरकुर करायच्या, पण वेळ चुकवायच्या नाहीत. रिकामं मशीन चालवणं मात्र त्यांच्या जिवावर यायचं, म्हणून त्यांनी सुईत दोरा ओवला आणि घरात सापडेल त्याला शिवण मारायला सुरुवात केली. जुन्या गाउनच्या फुलाफुलांच्या कापडाचे मास्क झाले, फडक्यांना काठ झाले, पडदे वीतभर वर गेले, आणि मुलगा घरी नाही हे बघून त्यांनी त्याच्या चांगल्या पँटी आखूड करून ठेवल्या. मधूनच विचारायच्या, "झालं का त्याचं? भात टाकतो का अजून? अंडं कुस्करून घाल." आणि इस्पितळातून फोन आला की कात्रीबाई आता "जेवला" एवढ्यावर थांबत नसे. काय काय खाल्लं ते सगळं रंगवून सांगायची, आणि मागून त्याला भुंकायला लावायची.

एवढं सुरळीत चाललंय म्हटल्यावर सेक्रेटरींना कसं पाहवणार? एका सकाळी शटरसमोर पालिकेची गाडी येऊन उभी राहिली. गाडीवाल्याच्या हातात जाळी आणि लांब दांड्याचा चिमटा. त्याच्या मागे सेक्रेटरी आणि समितीतले दोघं, एकमेकांपासून अंतर राखून. कात्रीबाईने शटर अर्धं खाली ओढलं आणि त्याला हात लावून उभी राहिली. तिच्या पायांमागून ठिगळ्या बघत होता.

सेक्रेटरी गोड आवाजात बोलत होते. तुमच्याशी वैर नाही, म्हणाले. इमारतीच्या भल्यासाठी आहे. आणि खरं सांगायचं तर हे आम्ही तुमच्या सासूबाईंसाठीच करतोय, त्या दमेकरी आहेत, त्यांना काही झालं तर जबाबदार कोण? कात्रीबाईच्या जिभेवर बरंच काही आलं होतं. पण बोळाच्या तोंडाशी कुणीतरी काठी टेकत येत होतं. फुलाफुलांचा मास्क लावलेल्या सासूबाई कित्येक दिवसांनी घराबाहेर पडल्या होत्या. त्या कुणाच्याही जवळ गेल्या नाहीत. रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"दमेकरी कोण? मी ना?" त्या म्हणाल्या. "मग मला येऊन कुणी विचारलं?"

सेक्रेटरी म्हणाले की आजी, तुमच्या काळजीपोटीच हे सगळं.

"माझी काळजी माझी सून करते. फेशियलच्या पलंगावर झोपते ती, पाय दुमडून. मध्ये कुलूप आहे, मशीन आहे. दोन घरांत ठेवावं तेवढं अंतर आम्ही एका घरात ठेवलंय. अजून काय बंद करू? मला भीती वाटते. रोज वाटते. पण माझ्या छातीचं नाव पुढे करून तुम्ही दुसऱ्याचं जनावर मारायला न्यायचं नाही. मास्तर परत येतील आणि विचारतील कुत्रा कुठाय, तेव्हा त्यांना सांगायला तुम्ही येणार आहात का?"

 गाडीवाल्याने सेक्रेटरींकडे पाहिलं. याला मालक आहे का, म्हणून विचारलं. आहे, कात्रीबाई म्हणाली, इस्पितळात आहे, आणि रोज संध्याकाळी याची चौकशी करतो. गाडीवाला म्हणाला, मला बेवारस कुत्रा आहे म्हणून बोलावलं होतं. त्याने जाळी गाडीत टाकली आणि गाडी सुरू केली. एवढं बोलून दम लागल्यामुळे सासूबाई खोकल्या, तशी समितीची माणसं दोन-दोन पावलं मागे सरली. "दम्याचा आहे," त्या म्हणाल्या. "पळू नका, पडाल."

पंधरवडा उलटून गेला. कुत्र्याला काही झालं नाही, सुनेला काही झालं नाही. डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिल्यावर आतलं दार उघडलं, पण मशीन तिथून हललं नाही. त्यानंतरही बऱ्याच दिवसांनी मास्तरांना घरी सोडलं. त्यांच्यापासून आता कुणाला धोका नाही, असं इस्पितळाने स्वच्छ सांगितलं होतं. ते गाडीतून उतरले तेव्हा सदरा अंगावर लोंबत होता. ठिगळ्या शटरखालून बाहेर आला. त्याने त्यांच्या भोवती एक चक्कर मारली, चपला हुंगल्या, इस्पितळाचा वास आला म्हणून शिंकला, आणि मग त्यांच्या पावलावर बसून राहिला. मास्तरांना वाकता येत नव्हतं. ते नुसते उभे राहून रडले.

जिन्याच्या पहिल्या पायरीवर सेक्रेटरी उभे होते. पुन्हा तोच गोड आवाज. इस्पितळातून आलेल्या माणसाने लगेच वर जाणं बरं नाही. इमारतीत लहान मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत. थोडे दिवस बाहेर कुठेतरी सोय बघावी, मग समिती विचार करेल.  मास्तरांना भांडायची सवय नव्हती, आणि तेवढा श्वासही नव्हता. त्यांनी कात्रीबाईकडे पाहिलं.

कात्रीबाईच्या मनात आधी आलं की पार्लर आहेच, राहतील तिथे. मग तिलाच त्या विचाराचा राग आला. त्यांचं घर वर असताना ते खाली का राहतील? ती पार्लरमध्ये गेली आणि गिऱ्हाइकांचं उंच स्टूल खांद्यावर टाकून बाहेर आली.

"सरका," ती सेक्रेटरींना म्हणाली. "मास्तर घरी चाललेत."

त्या स्टुलाचे पाय बरोबर सेक्रेटरींच्या छातीच्या उंचीवर होते. ते सरकले, आणि भराभर जिना चढून आपल्या घरात गेले.

मास्तरांना एका वेळी एकच मजला चढवायचा. पहिल्या मजल्यावर तिने स्टूल ठेवलं, ते बसले, श्वास जमवला, उठले. दुसऱ्या मजल्यावर तसंच. कठड्याला धरून, पायरी पायरीने. दारं बंद होती, पण आतली माणसं दाराला कान लावून उभी आहेत, हे कळत होतं. दुसऱ्या मजल्यावरचं एक दार उघडलं, कुणीतरी पाण्याची बाटली बाहेर ठेवली आणि दार पुन्हा लागलं. मास्तर थोडं पाणी प्यायले. ठिगळ्या दर वळणावर थांबून मागे बघत होता.

तिसऱ्या मजल्यावर तिने स्टूल सेक्रेटरींच्या दारासमोर ठेवलं. मास्तर बसले. ठिगळ्या सेक्रेटरींच्या पायपुसण्यावर ऐसपैस आडवा झाला. दाराच्या भिंगाआड अंधारल्यासारखं झालं. आतून कुणीतरी बघत होतं. हळूहळू मास्तरांना लागलेली धाप बसली. कात्रीबाई स्टूल उचलायला वाकली, तर ते उठेनात.

"अजून लागतोय का दम?" तिने विचारलं.

"छे, केव्हाच गेला," मास्तर म्हणाले. आणि ते त्या बंद दाराकडे बघत, मांडीवर हात ठेवून, बसून राहिले.

कात्रीबाईने त्यांच्याकडे पाहिलं. मग तीही भिंतीला टेकून खाली पायरीवर बसली.

"पोहोचलात का गं?" जिन्याच्या तळातून सासूबाईंची हाक आली.

"नाही आई," कात्रीबाईने चारही मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात उत्तर दिलं. "सेक्रेटरींच्या दारात बसलोय. वेळ लागेल."